जादा धरलेलं माप

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न करतो.
सागवानाचा पंप, सागवानाचा गिअरबॉक्स,
आधी लाकडात जमलं पाहिजे, मग बिडात.
आमची पट्टी बाजारातल्या पट्टीपेक्षा लांब,
मीटरला दहा मिलिमीटर जादा;
बीड थंड होताना आकसतं,
ते आधीच धरून चालावं लागतं.

सायकलला मोटर बसवली ती बशीर बागवानकडनं.
मागच्या चाकात हब, दांडीखाली बॅटरी,
मुठीपाशी हरभऱ्याएवढा हिरवा दिवा.
टेंबलाईच्या चढाला आता धाप लागत नाही.
नंबर नाही, पासिंग नाही,
हवालदार माझ्याकडं बघतो
भाजीच्या पाटीकडं बघावं तसं.
मग हेल्मेट कुणाला दाखवायचं?

पोरीनं आणलेलं. पिवळं.
चार महिने मी त्यातनं अंडी आणली.
एकदा मेथी. एकदा राजारामपुरीत, पिशवी विसरलो तेव्हा,
अर्धा किलो फुटाणे.
चहाच्या गाड्यावरची पोरं म्हणायची,
"काका, डोस्क्यात घालायचं असतंय त्ये."
"डोस्क्यात हाय की आधीच बक्कळ," मी म्हणायचो,
"ह्यात जागा हाय."

अण्णाप्पा चौगुले भट्टीवर होता.
लॅडलमध्ये बीड घेताना काळा चष्मा,
चामड्याचे हातमोजे, घोट्यावर चढणारे बूट, एप्रन.
ठिणगी उडाली तर कुठं बसंल, त्याला आधी कळायचं.
कुणी उघड्या हातानं जवळ आलं
तर आईवरनं शिवी.
आणि पाळी सुटली की सगळं खुंटीला.
तोंड धुवायचा, केसांवरनं फणी फिरवायचा,
बशीरनंच केलेल्या त्याच्या सायकलीवर
उघड्या डोक्यानं उचगावला.

सीझनमधली रात्र. उसाची ट्रॉली उभी,
मागं दिवा नाही, गोणपाटाची चिंधीसुद्धा नाही.
वेग किती होता? पंचवीस.
नंतर आम्ही सगळे पंचवीसच म्हणत राहिलो,
पंचवीसनं काही होत नसल्यासारखं.

तेराव्यानंतर मालकांनी त्याची खुंटी रिकामी करायला सांगितली.
चष्मा, एप्रन, बूट.
हातमोजे.
एकावरही नवा ओरखडा नव्हता.

माझ्या माळ्यावर चारशे पॅटर्न आहेत.
पंचवीस वर्षांपूर्वीचं हाउसिंग तडकलं म्हणून कुणी आलं
तर मी धूळ झटकतो,
सांगतो, मंगळवारी या, नवं ओतून मिळेल.
अण्णाप्पाची बायको आली फंडाच्या कागदांसाठी.
मी तिला पाणी दिलं, स्टूल पुसून दिलं.
मंगळवारी या, असं सांगण्यासारखं
माझ्याकडं काही नव्हतं.

त्या रात्री हेल्मेट उलटं करून दिव्याखाली धरलं.
आत मेथीचं एक वाळकं पान.
ते काढलं, थर्मोकोल दाबून बघितला.
कवच आणि डोकं यांच्यात बोटभर अंतर,
दबायचं ते इथं दबावं म्हणून
कुणीतरी आधीच धरलेलं.
असणार कुठल्यातरी शेडमध्ये आमच्यासारखाच कोणी,
लांब पट्टी वापरणारा.
कॅलिपर काढला, कानांच्या वरनं डोकं मोजलं.
पोरगी हसली.
एकशे चोपन्न.
वहीत लिहिलं, पुढं पॅटर्न नंबराचा रकाना होता,
तो तसाच सोडला.

आता घालतो. हनुवटीखाली पट्टा चावतो,
घाम कानामागनं कॉलरात उतरतो,
चहाच्या गाड्यावरची पोरं "अंतराळवीर आला" म्हणतात.
हातात अण्णाप्पाचे मोजे,
बायकोला विचारूनच घेतलेत त्याच्या.
मला मोठे होतात,
दहा मिलिमीटर नव्हे, चांगले बोटभर.
ब्रेक दाबताना आधी मोजा दबतो, मग मी.

अंडी पिशवीत घालून हँडलला लटकवतो.
काल दोन फुटली.
घरात कुणी काही बोललं नाही.